असला म्हणजे कसला?

वर्गाबाहेरचा तास : शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांच्या पत्रांना मराठीच्या एका निवृत्त बाईंची उत्तरं

या खेपेची पत्रं जवळजवळ सगळी कवितेवर आहेत. दोष माझाच. भुसावळच्या एका शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवूनही कवितेच्या तासाआधी माझ्या पोटात गोळा यायचा, असं मी मागच्या अंकात लिहून बसले. वाटलं होतं लोक हसतील. लोकांनी पत्रं पाठवली.

प्रश्न : बाई, मी नववीला मराठी शिकवते. नोकरीचं हे दुसरंच वर्ष. वर्गात ५८ मुलं, आणि कवितेचा तास नेमका डबा खाऊन झाल्यावर. मी कविता चालीत म्हणते, एकेक ओळ समजावून सांगते, व्हिडिओसुद्धा दाखवून झाला. माना डोलतात. पण ‘तुम्हाला काय वाटलं ते दोन ओळींत लिहा’ म्हटलं की सगळ्या वह्यांत गाइडमधलं एकच वाक्य : ‘कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे.’ माझं काय चुकतंय?
(एक शिक्षिका, परभणी जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘एकेक ओळ समजावून सांगते’ हे वाचलं आणि मला माझी पहिली दहा वर्षं आठवली. मीही तेच करायचे. अर्थ सांगून झाला की कवितेकडे पुन्हा बघायला पोरांना कारणच उरत नाही. उत्तर फळ्यावर लिहिलेलं गणित कोण सोडवत बसेल?

‘कविता कशी शिकवावी’ याचं सरसकट उत्तर माझ्यापाशी नाही. एका कवितेचं सांगते. बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी आहेत. तुमच्या पुस्तकात असो नसो, फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात. (आणि फळ्यावरच लिहा, झेरॉक्स वाटू नका. बाई लिहीत असतात तोवर पोरं एकेक ओळ उमटताना वाचतात. पुढच्या यमकावर पैजा लागलेल्या मी ऐकल्या आहेत.)

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

लिहून झाल्यावर मी ती दोनदा वाचायचे. चाल नाही, हातवारे नाहीत, साध्या आवाजात. शब्दार्थ एकही नाही. मग म्हणायचे, वहीचं मागचं पान काढा आणि या जागेचा नकाशा काढा. झरा कुठून कुठे जातो, गाव कुठे, मळे कुठे, पायवाट कुठून येते आणि कुठे पोचते, झाड कुठे. वेळ दहा मिनिटं.

‘चित्र काढा’ म्हणू नका. चित्र म्हटलं की ज्यांना चित्रकला येते तेवढेच हलतात, बाकीचे खोडरबर मागत वर्गभर फिरतात. नकाशा कुणालाही येतो. आणि नकाशा काढायचा तर ओळ चार वेळा वाचावी लागते. खरा डाव तोच.

पाचव्या मिनिटाला भांडणं सुरू होतात. गाव ‘पैल’ टेकडीकडे आहे, म्हणजे बघणारा अलीकडे उभा आहे. मग तो गावातला नाही का? ‘तयांतुनि’ म्हणजे कशातून, घरांतून की मळ्यांतून? पायवाट गावातून निघते असं लिहिलंय कुठे? एका वर्षी एकीने विचारलं, ‘बाई, पायवाटेवर कोणीच का नाही?’ ही कविता शिकवायला लागून मला तेव्हा १८ वर्षं झाली होती आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चार घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, माणूस एकही नाही. वाट आपली एकटीच चाललीय, तीही काळ्या डोहाकडे.

मग रंग वेचायला लावले. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हे सात शब्द फळ्याच्या कडेला एकाखाली एक लिहिले. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘संध्याकाळ होत चाललीय.’ कवितेत संध्याकाळ हा शब्दच नाही. मी बरोबरही म्हटलं नाही आणि चूकही म्हटलं नाही, ‘कशावरून?’ एवढंच विचारलं. तोवर दुसरा उठला : ‘संध्याकाळ नाही बाई, झाडाची सावली पडलीय. झाकळुनी जळ असं लिहिलंय.’ दोघंही ओळीवर बोट ठेवून भांडत होते. शिक्षकाला आणखी काय पाहिजे? तिसरी एक ‘गोड’ या शब्दापाशी अडली होती. काळिमा फासतात हे तिला ठाऊक होतं. मग काळिमा गोड कसा? त्यावर दोन दिवस कोणाचं एकमत झालं नाही आणि मीही होऊ दिलं नाही.

मग क्रियापदं. झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरी. औदुंबर मात्र बसला. ‘सगळे ड्युटीवर, हा एकटा रिटायर,’ इति एका गँगमनचा मुलगा. वर्ग हसला. हसणं थांबल्यावर तोच म्हणाला, त्याचे आजोबा नोकरी संपल्यापासून रोज यार्डावरच्या पुलापाशी जाऊन बसतात, गाड्या मोजतात आणि घरी येतात. या आठ ओळींवर मराठीतल्या जाणत्यांनी भरपूर शाई खर्च केली आहे. गाड्या मोजणारे आजोबा त्यात माझ्या तरी वाचनात आले नाहीत.

आणि शेवटी तो प्रश्न. दर वर्षी कोणीतरी विचारायचंच : ‘बाई, असला म्हणजे कसला?’ सुरुवातीला मी ‘असला म्हणजे अशा प्रकारचा’ म्हणून पुढे सरकायचे. मग शहाणी झाले. कसला ते तूच एका ओळीत लिहून आण, म्हणायला लागले. घरचा अभ्यास तेवढाच. यात गाइडची मदत होत नाही, कारण गाइडवालेही ‘असला म्हणजे अशा प्रकारचा’ म्हणून पुढे सरकलेले असतात.

माझी एक चूकही सांगून ठेवते. आम्ही रेल्वेच्या गावचे. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनापाशी रेल्वेखाली गेले, वय अवघं २७. भादली म्हणजे भुसावळहून जळगावला जाताना वाटेवरचं स्टेशन, आमच्या पोरांच्या रोजच्या ओळखीचं. एका वर्षी मी तासाची सुरुवातच त्या अपघातापासून केली. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकले. पण नंतर ज्याला त्याला कवितेत मरणच दिसायला लागलं. डोह म्हणजे मरण, पायवाट म्हणजे रूळ, काळिमा म्हणजे इंजिनाचा धूर! कविता कोणी वाचलीच नाही, सगळ्यांनी बातमी वाचली. तेव्हापासून कवीची गोष्ट मी शेवटी सांगते, आणि शक्यतो दुसरीच सांगते. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं होतं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या पोराने कविता म्हटली आणि ‘बालकवी’ ही पदवी घेऊन तो घरी गेला. तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. तुमच्या नववीतल्या मुलांचा थोरला भाऊ शोभेल एवढा.

५८ मुलांचं म्हणाल तर गट पाडू नका, गटात दोघं काम करतात आणि तिघं गप्पा. बाकावरच्या जोडीला एक नकाशा. २९ नकाशे होतील. त्यातले एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन निवडा आणि फळ्यावर काढून घ्या. तास त्यातच निघून जातो. व्हिडिओ मात्र बंद. पडद्यावर झरा दिसला की पोरांच्या डोक्यातला आटतो.

प्रश्न : आमची आठवीची मुलं मधल्या सुट्टीत बाकं बडवत रॅप म्हणतात. हे कवितेच्या तासाला आणावं का? सहकारी म्हणतात, पोरांच्या नादी लागू नका.
(एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : बाकं बडवतायत ना? मग निम्मं काम त्यांनीच केलंय. फक्त एक विनंती, तुम्ही स्वतः रॅप म्हणू नका. मी एकदा म्हटला होता. अजून जुने विद्यार्थी बाजारात भेटले की तेच काढतात.

पोरांना अक्षरं मोजायला लावा. बोटांवर. जोडाक्षर आलं तरी ते एकच धरायचं. ‘सुंदर ते ध्यान’, सहा. ‘उभे विटेवरी’, सहा. ‘कर कटावरी’, सहा. ‘ठेवोनिया’, चार. इथे थांबा आणि विचारा, सहा-सहा-सहा झाल्यावर हे चारच का? आमच्या एका पोराने लगेच उरलेल्या दोन अक्षरांच्या जागी बाकावर दोन थापा मारल्या. वर्गाने उचलून धरलं, आणि अभंग टाळ नसताना वाजायला लागला. विटेवरी-कटावरी हे यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात आहे, शेवटी नाही, हेही त्यांच्याच कानाने पकडलं. मोठा अभंग आणि त्याचं लक्षण हे मी त्यानंतर फळ्यावर लिहिलं. आधी लिहिलं असतं तर ते वहीत गेलं असतं, कानात नाही.

मग ‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’. आठ आणि आठ. हा लहान अभंग. आणि त्याला लागूनच बहिणाबाईंची :

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

मोजा. आठ-आठ, आठ-आठ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे सांगितल्यावर एक पोरगी भुवया उंचावून म्हणाली, ‘अक्षर ओळख नाही, तर अक्षरं मोजली कशी?’ मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आजीकडचं जातं बघितलेल्या एका मुलाला पुढे बोलावलं आणि हाताने जातं फिरवल्यासारखं करत तीच ओळ म्हणायला लावली. एका फेऱ्याला आठ. पोरांना कळायचं ते कळलं. (‘वढाय’ म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या मुलाला सांगू द्या. मार खाऊनही पुन्हा पिकात शिरणारं ढोर ज्याने हाकललंय, तो तुमच्यापेक्षा बरं सांगेल.)

एवढं झालं की त्यांना लिहायला लावा, आठ-आठच्या दोन ओळी. माझा नियम एकच असायचा : आई, माती, पाऊस आणि चंद्र या चार शब्दांना सुट्टी. हे शब्द दिले की पोरं पुस्तकी होतात. सुट्टी दिली की त्यांना आपल्या आजूबाजूला बघावं लागतं. एकाने लिहिलेलं मला अजून पाठ आहे :

पहाटेची पॅसेंजर, आउटरला थांबली
बाप माझा ड्युटीवर, भाजी डब्यात आंबली

अक्षरं मोजून बघा. ‘आउटर’ म्हणजे स्टेशनच्या बाहेरचा सिग्नल, आमच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. सहकाऱ्यांना एवढं सांगा की पोरांच्या नादी लागायचंच असतं. छंदाला आपल्या जुन्या माणसांनी नादच म्हटलंय.

प्रश्न : बहिणाबाईंची ‘आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर’ ही ओळ वाचताना ‘मियते’ आलं की आमचा वर्ग फिदीफिदी हसतो. प्रमाण मराठीत करून शिकवलं तर चालेल का?
(एक शिक्षिका, ठाणे)

उत्तर : ‘तेव्हा मिळते भाकर’ केलंत तरी अक्षरं आठच भरतात. घर मात्र बदलतं.

मी पुण्याकडून शिकून भुसावळला आले तेव्हा २३ वर्षांची होते आणि शुद्ध भाषेचा मला फार अभिमान होता. पहिल्याच वर्षी लेवा पाटलांच्या घरातली एक मुलगी हीच कविता वाचायला उभी राहिली. तिने ‘मियते’ म्हटलं आणि मी, पुस्तक समोर असताना, सवयीने ‘मिळते म्हण’ असं म्हटलं. पुस्तकात ‘मियते’च छापलेलं होतं! तिने एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि उरलेली कविता इतक्या हळू आवाजात वाचली की पुढच्या बाकालाही ऐकू गेली नाही. तिच्या घरी शाळेला शाया म्हणतात, केळीला केयी, डोळ्याला डोया. ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि तो नेमाने होतो. ती कविता अडखळल्याशिवाय वाचू शकणारी त्या खोलीत ती एकटीच होती. मी धरून.

पुढच्या वर्षापासून मी बहिणाबाई वाचायला घरची लेवागणबोली बोलणाऱ्या मुलांनाच उभं केलं, आणि आम्ही बाकीच्यांनी त्यांच्याकडून उच्चार शिकलो. हसणं आपोआप थांबलं, कारण आता चुकणारे आम्ही होतो.

ठाण्यात तुमच्या वर्गात आगरी बोलणारी मुलं असतील, मालवणी, वऱ्हाडी, घाटावरची असतील. ‘भाकर मिळते’ हे एवढंच घरच्या बोलीत कसं म्हणतात ते प्रत्येकाला फळ्यावर लिहू द्या. अमराठी घरची मुलं असली तर त्यांनाही. आमच्या रेल्वे कॉलनीत बिहारकडची कुटुंबं होती. जात्यावरच्या ओव्या आजीकडून आणायला सांगितल्या तेव्हा त्यातला एकजण खट्टू होऊन बसला, आमच्यात नसतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोच धावत आला. त्याच्या आजीलाही दळताना म्हणायची गाणी येत होती, जँतसार म्हणतात त्याला तिकडे.

आजी गावी असेल किंवा नसेलच, तर ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐकायला मिळतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून जास्त ओव्यांचा तो ठेवा आहे. एक ओवी वर्गात ऐकवा आणि गाणाऱ्या बाईचा आवाज संपल्यावर लगेच काही बोलू नका.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रसग्रहण स्वतःच्या शब्दांत लिहितो. क्लासवाले म्हणतात, गुण जातील, ठरलेलं पाठ कर. काय करावं?
(एक पालक, नाशिक)

उत्तर : दहावीचे पेपर मी पुष्कळ तपासले आहेत. एकाच गाइडमधून उतरलेला सतरावा ‘प्रसादगुण’ वाचताना तपासणाऱ्याचा हात यंत्रासारखा चालतो. मध्येच एखादं पोर खरं काही लिहून जातं तेव्हा आपण चष्मा नीट करतो.

पण चौकट पाळायला सांगा. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये, हे तिन्ही मुद्दे यायलाच हवेत. प्रत्येक मुद्द्यात कवितेतला निदान एक शब्द उचलून त्यावर बोललं, की स्वतःच्या शब्दांत लिहूनही गुण जात नाहीत. आणि त्याला हेही सांगा की पेपरात कविता ‘आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ विचारतात. त्यातला ‘वा’ अख्खा महाराष्ट्र विसरला आहे. न आवडल्याचं कारण ओळीवर बोट ठेवून लिहिणारा मुलगा मला ३१ वर्षांत दोनदाच भेटला, आणि दोन्ही वेळा मी पूर्ण गुण दिले.

प्रश्न : बाई, मला कविता आवडतच नाहीत. काही बिघडलंय का माझं?
(इयत्ता नववी, चाळीसगाव)

उत्तर : काही नाही. मला कारली आवडत नाहीत. पण ‘कविता’ आवडत नाहीत की पुस्तकातली चौथी कविता आवडत नाही, ते आधी बघ. त्या कवितेतली सगळ्यात कंटाळवाणी ओळ कोणती, ते मला कळव. एकच, आणि ती का. मी वाट बघतेय.

प्रश्न : मुलीच्या (वय १५) दप्तरात एक वही सापडली. सगळ्या तिने लिहिलेल्या कविता! आम्हाला इतका आनंद झाला की रात्री जेवताना तिच्या मामा-मामींसमोर दोन वाचून दाखवल्या. ती ताटावरून उठून गेली आणि चार दिवस झाले, बोलत नाही. तिला प्रोत्साहन कसं द्यावं? स्पर्धेला पाठवावं का?
(एक आई, सांगली)

उत्तर : ताई, वही सापडली नाही, तुम्ही काढलीत. तुमचा आनंद खरा आहे, हे मला पत्रातून कळतंय. पण पंधराव्या वर्षी वहीतली कविता ही कविता नसते, अंगातला कपडा असतो. तो तुम्ही पाहुण्यांसमोर वाळत घातलात.

स्पर्धा नको. मामींनी काय कौतुक केलं तेही सांगू नका. ‘मी विचारायला हवं होतं’, एवढं एकदाच म्हणा आणि त्यावर ती काय म्हणते याची वाट न बघता स्वयंपाकघरात निघून जा. वही होती तिथेच ठेवा, त्याच कप्प्यात, त्याच बाजूला तोंड करून. पंधरा दिवसांनी किराणा आणायला जाल तेव्हा शंभर पानी कोरी वही घ्या आणि तिच्या टेबलावर ठेवा. वहीवर तिचं नाव घालू नका.